टॉवरवर ससाणा (हे म्हणतात घार)

बायको जाऊन अकरा महिने झाल्यावर मी पक्षी बघायची दुर्बीण घेतली. त्याआधी मी कुठलाही पक्षी इतक्या जवळून फक्त ताटात बघितला होता.

हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मला कुणी पक्षिमित्र वगैरे समजायला नको. मी सातवी नापास माणूस. स्वारगेटच्या डेपोत छत्तीस वर्षं फिटर होतो. बसच्या खाली उताणं पडून जन्म गेला. म्हणजे वर बघायची सवय होती, पण वर नेहमी गिअरबॉक्सच असायचा! पक्ष्यांशी आमच्या घराचा संबंध म्हणजे माझ्या मेहुण्याचं नाव पोपट, एवढाच.

वेड होतं ते आमच्या हिला. हिचं नाव कमल. दहावी पास. (हे मी सांगत नाही, ती सांगायची. रोज.) सकाळी चार बायकांबरोबर टेकडीवर फिरायला जायची. त्यातल्या एक शाळेतल्या निवृत्त बाई झाडाझाडावरचे पक्षी दाखवायच्या. घरी आली की ही गॅसच्या पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानांवर पेन्सिलीनं नावं लिहून ठेवायची. एकदा सिलिंडर घेऊन आलेल्या माणसानं पुस्तक उलटं उघडलं, तर आत लिहिलेलं, 'तांबट दोन, कोतवाल एक.' तो गंभीर झाला. म्हणाला, "काकू, आपले सिलिंडर असे दुसऱ्यांना देता येत नाहीत."

आमचं घर कर्वेनगरात. आम्ही मूळचे इथलेच, त्यामुळे अजून हिंगणंच म्हणतो. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून टेकडी दिसायची आणि टेकडीच्या खांद्यावर एक जुना लोखंडी टॉवर. कुणाचा आहे ते कुणालाच माहीत नाही. त्या टॉवरच्या टोकावर रोज सकाळी एक पक्षी येऊन बसायचा. आणि आमच्या घरात चहाबरोबर रोज हा खटला चालायचा.

"अहो, ससाणा आला बघा."

"घार आहे."

"घार इतकी ताठ बसत नाही."

"का? घारीला पोक येतं?"

"आधी चष्मा लावा आणि मग बोला."

"लावला. आता मोठी घार दिसती."

यावर ती माझा कप उचलून न्यायची. अर्धा चहा राहिलेला असला तरी! वर म्हणायची, "एक दुर्बीण आणा ना. एकदाचं काय ते कळेल."

मी म्हणायचो, "दिवाळीनंतर बघू."

कुठल्या दिवाळीनंतर, ते मी सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. अशा तीन दिवाळ्या गेल्या. चौथीच्या आधी हीच गेली. आठ दिवस दवाखाना, नवव्या दिवशी संपलं. यावर मला जास्त बोलता येत नाही आणि बोलणारही नाही.

पुढं गॅसचं कनेक्शन माझ्या नावावर करायचं म्हणून पुस्तक काढलं. सहज मागची पानं उलटली. शेवटची ओळ होती, 'टॉवरवर ससाणा. (हे म्हणतात घार. म्हणोत.)'

ते 'म्हणोत' मला फार लागलं. माणसानं भांडावं, हरकत नाही. पण भांडण अर्धवट टाकून निघून जायचं, आणि वर शेवटचा शब्द स्वतःचाच ठेवायचा! ही कुठली रीत? वर्षश्राद्ध महिन्यावर आलं होतं. तिच्या पानापुढं हात जोडून उभा राहिलो की तिला काय सांगणार होतो मी? घार की ससाणा? मला कळायलाच हवं होतं.

अडचण एकच. मधल्या काळात शेजारचा बंगला पाडून तिथं सात मजली इमारत उठली होती. आमच्या गॅलरीतून आता टेकडीच्या जागी सात न्हाणीघरं दिसतात. टॉवर बघायचा तर आमच्या गच्चीच्या त्या टोकाला जावं लागणार, जिथून इमारतीच्या बाजूनं टेकडी दिसते, आणि गच्चीची किल्ली जोगळेकरांकडं.

जोगळेकर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. सरकारी कचेरीतून निवृत्त, सदाशिव पेठेतून इथं राहायला आलेले. बोलणं असं, की जणू प्रत्येक शब्दाला तिकीट लावायचंय. मी किल्ली मागितली.

"मारुतराव, गच्ची तीन कारणांसाठी उघडते. पापड, गोधड्या आणि धार्मिक विधी. ठराव आहे."

"मला एक पक्षी बघायचाय."

"ठरावात पक्षी नाही."

"मग दुर्बीण घेऊन टेकडीवर जातो."

"दुर्बीण आहे?"

"घ्यायचीय."

"मी येतो बरोबर. तुम्हाला फसवतील."

मला माहीत होतं, याला स्वतःला बघायचीय! पण पुण्यात कुतूहल नेहमी काळजीचे कपडे घालून बाहेर पडतं. मी 'चला' म्हटलं.

सदाशिव पेठेत एक जुनं दुकान आहे. भिंगं, होकायंत्रं, शाळेतले सूक्ष्मदर्शक, असलं सगळं. मालक बारीक अंगाचे, चष्मा कपाळावर. आम्ही आत गेलो तेव्हा साडेबारा वाजले होते आणि ते घड्याळाकडं बघत होते.

"दुर्बीण पाहिजे," मी म्हटलं.

"कशासाठी?"

"बघायला."

"ते आलं लक्षात. काय बघायला?"

"एक पक्षी."

"एकच?"

"एकच."

त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला आणि मला नीट बघितलं. "उडणारा की बसणारा?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "बसणारा. पण फार लांब. टेकडीवरच्या टॉवरवर."

"मग हातातली दुर्बीण नको. इतक्या लांबचं त्यात ठिपकाच दिसणार. स्पॉटिंग स्कोप घ्या. एक नळी, एक डोळा, खाली तिपाई."

"एका डोळ्याची? मग निम्म्या किमतीत येत असेल!"

मालक जोगळेकरांकडं वळून म्हणाले, "हे कायम असेच असतात का?"

"सोसायटीत तरी," जोगळेकर म्हणाले.

त्यांनी तीन नळ्या काढल्या. पहिली पांढरी, लांबलचक. मी डोळा लावला तर रस्त्यावरचा रिक्षावाला डोक्यावर उभा! मी दचकून मागं सरलो.

"ही ग्रह-ताऱ्यांची," मालक म्हणाले. "हिच्यात उलटं दिसतं. आकाशात वर-खाली कोण बघतो?"

मला भारी गंमत वाटली. मी रस्त्यावरची आणखी चार माणसं उलटी करून बघितली. एक ओळखीचे निघाले. उलटे जास्त बरे दिसत होते.

दुसरी नळी काळी, जाडजूड, पुढं बशीएवढं भिंग. उचलली आणि मी खूष झालो. फिटरचा एकच नियम. जड असेल ते टिकाऊ. हातात घेऊन दोनदा वर-खाली केली आणि म्हटलं, "ही द्या."

"टेकडीवर कोण नेणार? हमाल?"

"मी गिअरबॉक्स उचललेत."

"कितव्या वर्षी?"

मी नळी खाली ठेवली.

तिसरी लहान होती. अंगानं आटोपशीर, आणि डोळा लावायची बाजू मानेत वाकडी केलेली. मला वाटलं, पडून वाकलीय म्हणूनच स्वस्त असणार. मालक म्हणाले, "वाकलेली नाही, अशीच असते. नळी समोर रोखायची आणि वरून खाली बघायचं, विहिरीत बघतो तसं. मान दुखत नाही. वीसपट ते साठपट मोठं दाखवते."

"साठपट लावा."

आम्ही फुटपाथवर आलो. मालकांनी नळी कोपऱ्यावरच्या दवाखान्याच्या पाटीकडं लावली. साठपटीवर मला मोठ्या अंधारात एक मोठं थरथरणारं काहीतरी दिसलं. हळूहळू त्यांनी कडी फिरवत वीसवर आणली आणि पाटी लख्ख झाली. 'चपला बाहेर काढाव्यात. आत आणल्यास परत मिळण्याची हमी नाही.' एवढ्या लांबून एवढं बारीक अक्षर! पाटीखाली खिडकीत एक कंपाउंडर डबा खात होता. त्यानं मला बघितलं, डबा झाकला आणि पडदा ओढला.

"मोठं दिसणं आणि नीट दिसणं यात फरक आहे," मालक म्हणाले. "लोक साठवर लावून धुकं बघत बसतात. तुम्ही वीस-पंचवीसच्या पुढं जाऊ नका. परवडणाऱ्या नळीला परवडेल तेवढंच काम सांगावं."

जोगळेकरांनी मान हलवली. हे वाक्य ते नंतर दोन सभांत स्वतःचं म्हणून बोलले.

"घरात आणखी कोण बघणार?" मालकांनी विचारलं. "उंची किती? ही वाकड्या मानेची असली की तिपाई ठेंगण्या माणसाच्या बेतानं लावता येते. उंच माणूस थोडा वाकतो. भांडणं होत नाहीत."

"बायको," मी म्हटलं. "माझ्या खांद्याला लागते."

असं म्हणून गेलो खरा. जोगळेकर एकदम दुकानातला होकायंत्रांचा कप्पा बघायला लागले. मालक म्हणाले, "मग हीच घ्या." मी म्हटलं, "हीच द्या."

खोक्यात भरताना त्यांनी बजावलं, "एक लक्षात ठेवा. उघडायची नाही. आत नायट्रोजन भरलेला आहे, भिंगाला वाफ धरू नये म्हणून."

"टायरमध्ये भरतात तोच?"

"तोच."

माझी छाती फुगली. इतका वेळ मी परक्या दुकानात होतो, एकदम डेपोत आल्यासारखं वाटलं! (पुढचे आठ दिवस रोज सकाळी पान्हा हातात घेऊन मी त्या नळीसमोर बसायचो आणि नुसतं बघायचो. जन्मात पहिल्यांदा एखादी वस्तू 'उघडू नका' असं सांगून कुणीतरी मला दिली होती. फार जड गेलं.)

तिपाई मात्र मी घेतली नाही. "तीन पायांना एवढे पैसे? आमच्या घरी चार पायांचं स्टूल पडलंय!" असं म्हणून बाहेर पडलो आणि घरी येऊन स्वतः तिपाई बनवली. नळाच्या पाइपची. पाय लहान-मोठे करायला प्रत्येक पायाला बसचा एकेक नट. झकास झाली. फक्त लेक मंगल उचलायला गेली, ती तशीच खाली बसली.

"आप्पा, हिचं वजन किती?"

"जड असेल ते टिकाऊ."

"आणि उचलणारा?"

लेक आईवर गेलीय.

तर एका सकाळी उजाडता उजाडता मी आणि जोगळेकर टेकडी चढलो. माझ्या खांद्यावर लोखंडी तिपाई, त्यांच्या हातात माझी पाण्याची बाटली. (वजनाची वाटणी त्यांनी केली.) तीन ठिकाणी बसलो. शेवटी वर पोचलो, टॉवरच्या समोर सपाट जागा बघितली, तिपाई रोवली, नळी चढवली आणि एक डोळा मिटला.

"काय चाललंय इथं?"

मागं मिशीवाले एक गृहस्थ उभे. हातात काठी. त्यांच्या मागं फिरायला आलेली सात-आठ माणसं.

आता ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. पुण्यातली माणसं टेकडीवर पोटच्या पोरासारखी माया करतात. टेकडी फोडून रस्ता काढणार अशी कुजबुज अधूनमधून उठते, आणि मग टेकडीवर जो कुणी तीन पायांवर यंत्र लावून एक डोळा मिटेल तो मोजणीवाला! आणि माझी तिपाई एवढी सरकारी दिसत होती की सरकारची पण दिसत नसेल.

"मोजणी कुणाच्या परवानगीनं चाललीय?"

"मोजणी नाही हो. बघतोय."

"काय बघताय? सरळ रेष?"

"टॉवर."

"टॉवरपासून मोजताय म्हणजे! खातं कुठलं तुमचं?"

मी घाबरून खरं ते सांगितलं. "डेपो."

"डेपो! टेकडीवर बस डेपो काढणार?"

एका बाईंनी "अरे देवा!" म्हणून कपाळाला हात लावला. दोघांनी फोन काढले. पाच मिनिटांत सात-आठाचे पंचवीस झाले. मी आशेनं जोगळेकरांकडं बघितलं. शिकलेला माणूस, काहीतरी समजावून सांगेल!

जोगळेकर शांतपणे म्हणाले, "घाबरू नका. अजून ठराव झालेला नाही."

झालं! सगळे खाली बसले. माझ्याभोवती गोल करून! एका आजोबांनी फिरायच्या पिशवीतून घडी केलेला फलक काढला, 'टेकडी वाचवा.' (म्हणजे हा माणूस रोज तो घेऊन फिरायला येत होता!) घोषणा सुरू झाल्या. मी मध्ये उभा, वाकड्या मानेची नळी धरून.

"लेखी द्या!" मिशीवाले म्हणाले.

मग मी लेखी दिलं. दुधाच्या बिलाच्या मागं लिहिलं, 'मी पक्षी बघायला आलो आहे. रस्ता किंवा डेपो काढणार नाही.' खाली सही. सातवीनंतर मी एकदम एवढं कधी लिहिलं नव्हतं. साक्षीदार म्हणून जोगळेकरांनी सही केली, अगदी आनंदानं.

कागद वाचून मिशीवाले जरा निवळले. "पक्षी? बघू तरी काय दिसतं." त्यांनी डोळा लावला, नळी खाली वस्तीकडं वळवली आणि ओरडले, "अरे! आमची गच्ची! गच्चीत कोण बसलंय सिगारेट ओढत?" झालं, रांग लागली! पंचविसांतल्या एकानंही पक्षी बघितला नाही. प्रत्येकानं स्वतःचं घर बघितलं. कुणाच्या टाकीतून पाणी वाहत होतं, कुणाचा नवरा अजून झोपला होता. फलकवाल्या आजोबांनी तर दोनदा रांग लावली.

माझा नंबर आला तेव्हा टॉवर रिकामा होता.

मी नळी उतरवायला लागलो, तेवढ्यात कपाळाला हात लावलेल्या त्या बाई जवळ आल्या. "तुम्ही कमलचे मिस्टर का?"

त्या पक्षी दाखवणाऱ्या बाई होत्या. मी हो म्हटलं.

"आम्ही तुम्हाला 'घारवाले' म्हणायचो," त्या म्हणाल्या. "रोज वर येऊन सांगायची, आज पुन्हा घार म्हणाले."

"खरं काय होतं?" मी विचारलं. "तुम्ही तरी सांगा."

"दुर्बिणीशिवाय कसं सांगणार? मी तिलाही हेच म्हटलं. शेपूट बघा. मिटलेली असताना घारीच्या शेपटीला टोकाशी खाच असते. ससाण्याची सरळ. खाच दिसली की घार, नाही दिसली की कमल बरोबर."

तिपाई घेऊन उतरताना माझा खांदा धरला आणि एका पायाचा नट ढिला झाला. खांद्यासाठी शेक घेतला. नट राहिला. बरं झालं की वाईट, ते पुढं बघा.

वर्षश्राद्धाच्या दिवशी गच्ची रीतसर उघडली. धार्मिक विधी! जोगळेकर स्वतः किल्ली घेऊन आले. शेवयांची खीर, भाजणीचे वडे, गवारीची भाजी, सगळं हिच्या आवडीचं केलेलं. गावाकडून पोपट आला होता. पान घेऊन आम्ही वर निघालो. पुढं मंगल पान घेऊन, मागं पोपट पाण्याचा तांब्या घेऊन, आणि सगळ्यात मागं मी तिपाई घेऊन.

"दाजी, ह्ये काय? तोफ?"

"दुर्बीण आहे."

"आज? ताईच्या श्राद्धाला?"

"तिच्याचसाठी आहे."

पोपटानं मंगलकडं बघून डोक्याजवळ बोट फिरवलं. मी बघितलं आणि तिपाई दुसऱ्या खांद्यावर घेतली.

कठड्यावर पान ठेवलं. मी दहा पावलं मागं तिपाई रोवली आणि नळी टॉवरकडं रोखली. टॉवर रिकामा. आम्ही हात जोडून कावळ्याची वाट बघायला लागलो. कावळा शिवला म्हणजे माणूस तृप्त, मग घरच्यांनी जेवायचं.

कावळे होते. समोरच्या सात मजलीच्या टाकीवर अकरा कावळे ओळीनं बसले होते. पानाकडं बघत होते. पण एक उठेल तर शपथ!

दहा मिनिटं गेली. वीस गेली. वड्यांचा वास सगळ्या इमारतीत गेला. पोपटाला साखरेचा त्रास, तो कासावीस झाला.

"ताईची कायतरी इच्छा राह्यली हाय," तो म्हणाला आणि पुढं होऊन हात जोडले. "ताई, मंगलकडं माझं लक्ष हाय. काळजी करू नगंस."

कावळे ढिम्म.

"आई," मंगल म्हणाली, "आप्पांच्या गोळ्या मी रोज माझ्या हातानं देईन."

एका कावळ्यानं मान वाकडी केली. बस्स.

"ताई, तंबाखू सोडली!" असं म्हणून पोपटानं खिशातली पुडी काढून खाली भिरकावली. (खालून कुणीतरी ओरडलं.) तरी कावळे जागचे हलेनात.

मग जे झालं ते आमच्या सोसायटीत आजवर झालं नव्हतं. जोगळेकर दोन पावलं पुढं आले, घसा साफ केला आणि म्हणाले, "वहिनी, गच्चीची किल्ली यापुढे मारुतरावांना अर्जाशिवाय मिळेल."

यावर तर यमानं सुद्धा यायला हवं होतं! पण कावळा नाही.

आता सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"दाजी, तुमचंच कायतरी हाय."

ते मला पहिल्या मिनिटापासून माहीत होतं. एकेचाळीस वर्षांत मी हिला 'तुझं बरोबर' असं एकदाही म्हटलं नव्हतं. फिटर माणूस मी. बस बंद पडली की ड्रायव्हर चुकला, घरात काही बिघडलं की बायको चुकली. तपास न करता कबुली द्यायची नाही, ही डेपोची शिस्त. आणि तपास अजून बाकी होता, नळी समोर होती, टॉवर रिकामा होता. पण पान थंड होत होतं.

मी नळी सोडली, पुढं झालो आणि हात जोडले.

"कमल," मी म्हटलं. चारचौघांत तिचं नाव पहिल्यांदाच घेतलं. मंगलनं तोंडावर पदर धरला. "तो ससाणाच. तुझं बरोबर, माझं चुकलं. दुर्बीण आणलीय. दिवाळीच्या आधी आणलीय."

आणि मी वाकून नमस्कार केला.

पंख फडफडले! बघतो तर कावळा पानावर! वडा उचलला, खिरीत चोच बुडवली, आणि त्याच्या मागून बाकीचे दहा! पोपट ढसाढसा रडायला लागला, "ऐकलं, ताईनं ऐकलं!" मंगल रडत होती. मीही रडलो, लपवण्यात अर्थ नाही.

तेवढ्यात जोगळेकर माझ्या कानाशी आले.

"मारुतराव, मागं बघा."

मी वळून बघितलं. ढिल्या नटाचा पुढचा पाय हळूहळू आत सरकला होता आणि माझ्याबरोबर तिपाईही वाकली होती. नळीचं तोंड जमिनीकडं.

"तोंड खाली गेलं आणि कावळा आला," ते म्हणाले. "पान ठेवलं तेव्हापासून तुम्ही त्यावरून तोफ रोखून उभे होतात. कोण येणार जेवायला?"

"तुम्हाला कळलं होतं?"

"पाचव्या मिनिटाला."

"मग बोलला का नाहीत?"

"विधी चालू असताना मध्ये बोलू नये." मग म्हणाले, "शिवाय, तुम्ही काय कबूल करताय याचं कुतूहल होतं."

मी पाय पुन्हा बाहेर ओढला, नट हातानंच आवळला, आणि सहज टॉवरकडं नजर गेली.

टोकावर तो होता!

मी नळी वळवली. वीसवर ठेवली, एकावरही पुढं नाही. कडी फिरवली, आणि तीन वर्षांचा तो काळा ठिपका माझ्या डोळ्यात येऊन बसला. आमच्याकडं पाठ करून. तपकिरी पंख, वाऱ्यानं विस्कटणारी मानेवरची पिसं. आणि ताठ! काय ताठ बसला होता! हिचं तेवढं अगदी खरं होतं. मी हळूच नजर खाली आणली. शेपूट मिटलेली होती.

खाच!

मधोमध, स्वच्छ, सातवी नापासालाही कळावी अशी खाच! डोळा पुसून पुन्हा बघितलं. कडी मागं-पुढं करून बघितलं. घार होती. तीन वर्षं सांगत होतो ती. मोठी घार.

"काय दिसतंय, आप्पा?" मंगलनं विचारलं. डोळे अजून ओले होते.

मी मान वर केली नाही. म्हटलं, "ससाणा."

"बघू," म्हणून जोगळेकरांनी मला बाजूला सारलं. हा माणूस आमच्या सभेच्या इतिवृत्तातला स्वल्पविराम सोडत नाही, तो एवढी खाच सोडणार? बराच वेळ ते नळीत बघत राहिले. मग ताठ झाले आणि म्हणाले, "ससाणाच आहे. वयस्कर असावा. शेपूट मधेच झिजलीय."

खाली येऊन जेवलो. मग मी गॅसचं पुस्तक काढलं आणि हिच्या ओळीखाली माझ्या वाकड्या अक्षरात लिहिलं, 'दुर्बिणीतून बघितला. ससाणाच.' जोगळेकरांनी साक्षीदार म्हणून सही केली. (त्यांना कुठलाही कागद सहीशिवाय बघवत नाही.)

आता जेव्हा वाटेल तेव्हा किल्ली मागून घेतो, वर जातो, तिपाई ठेंगणी लावतो आणि वाकून बघतो. घार येते, ताठ बसते. मी कुणाला काही सांगत नाही. एकेचाळीस वर्षांच्या संसारात मी एकदाच बरोबर होतो, आणि ते कळलं त्याच्या पाच मिनिटं आधी साक्षीदारांसमोर हात जोडून चूक कबूल करून बसलो होतो. शब्द मागं घ्यावा म्हटलं, तर कावळा जेवून गेलेला!